रविवारची सकाळ आणि एकवीस किलोमीटर

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर एक सर्वेक्षण केलं. कोण दिवसभरात कशावर किती वेळ घालवतं, याची ती नोंद होती. घरकाम करणारी बाई त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं, असं त्यातून निघालं. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय. आता अर्ध-मॅरेथॉनच्या सरावाचा एखादा तयार तक्ता काढून पाहा. पाच दिवस धावणं, एक दिवस व्यायाम, एक दिवस संपूर्ण विश्रांती. तक्ता लिहिणाऱ्याच्या घरी स्वयंपाक दुसरं कुणीतरी करतं, हे त्या विश्रांतीच्या दिवसावरूनच कळतं. हे तक्ते ८८ मिनिटंवाल्यांसाठी लिहिलेले असतात. २८९ मिनिटंवाली बाई तोच तक्ता छापून फ्रिजच्या दारावर लावते, मधेच धाकट्याला ताप येतो, घरी पाहुणे येतात, तिसऱ्या आठवड्यात सगळं कोलमडतं आणि 'आपल्याला नाही बाई जमायचं' म्हणत ती बूट पिशवीत घालून माळ्यावर टाकते.

जमतं. इतकंच नव्हे, तर धावण्याच्या सगळ्या मोठ्या अंतरांमध्ये घर, नोकरी आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या आठवड्यात नीट बसणारं अंतर हेच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्यासाठी तक्ता वेगळा लागतो आणि तो एकट्या बाईचा असून चालत नाही.

अंतर आहे २१.०९७५ किलोमीटर. पूर्ण मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर अंतर पहिल्यांदा धावलं गेलं ते १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, आणि १९२१ मध्ये ते कायमचं मुक्रर झालं. त्याचं हे निम्मं. लांब पल्ला बायकांना झेपेल का, यावर पुरुष मंडळींनी पुढे अनेक वर्षं खल केला. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. शर्यतीनंतर धावपटू दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून वृत्तपत्रांनी असा काही गहजब केला की ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून हद्दपार झाली. शर्यतीनंतर पुरुषही दमतात, पण त्याची बातमी होत नाही. बॉस्टन मॅरेथॉनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं.

आणि आई झाल्यावर? ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफला जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. केनियाच्या पेरेस जेपचिरचिरने २०२० मध्ये पोलंडमधल्या गडिन्या शहरात केवळ स्त्रियांच्या अर्ध-मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला, १ तास ५ मिनिटं १६ सेकंद. तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांच्या आसपासची होती. ही नावं ऐकून स्फूर्ती घ्यायला हरकत नाही, पण तुलना करू नये. धावणं हीच त्यांची नोकरी आहे. दुपारची झोप हा त्यांच्या कामाचा भाग असतो.

आपल्या कामाचं गणित वेगळं. धावताना माणूस साधारणपणे दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी जाळतो. साठ किलो वजनाच्या बाईला एकवीस किलोमीटरसाठी साधारण १२६० कॅलरी लागतात. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, चारशे-पाचशे ग्रॅमच्या आसपास असते. त्यातून सोळाशे ते दोन हजार कॅलरी मिळू शकतात. ग्लायकोजेन ही हातातली रोकड समजा आणि चरबी म्हणजे मुदत ठेव : ठेव मोठी, पण मोडायला वेळ लागतो. अर्ध-मॅरेथॉन रोकडीत भागते. पूर्ण मॅरेथॉनला अडीच हजारांवर कॅलरी लागतात, म्हणून तिशीच्या किलोमीटरांत भल्याभल्यांचे पाय एकाएकी जड होतात आणि डोकं चालेनासं होतं. एकविसाला ही वेळ सहसा येत नाही. शरीराच्या हिशेबात हा फार मोठा फरक आहे.

वेळेच्या हिशेबात तो त्याहून मोठा. किलोमीटरला आठ मिनिटं हा अगदी सौम्य वेग धरा. त्या वेगाने अर्ध-मॅरेथॉन दोन तास एकोणपन्नास मिनिटांत पूर्ण होते. तयारीत रविवारी जास्तीत जास्त सतरा किलोमीटर धावावं लागतं, म्हणजे सव्वादोन तास. पहाटे साडेपाचला निघालेली बाई आठच्या आत घरी. पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीत रविवारचे तीस किलोमीटर धावावेच लागतात. त्याच वेगाने चार तास, वर येऊन अर्धा दिवस आडवं पडणं. नोकरी करणाऱ्या आईचा रविवार त्यात जातो, आणि नुसता एक नव्हे, ओळीने अनेक. म्हणून 'आता हाफ झाली, फुल कधी?' असं विचारणाऱ्यांना मी सरळ सांगते, मुलं कॉलेजात जाऊ देत.

आता आठ मिनिटांच्या वेगाबद्दल, कारण नवख्या बाईची पहिली चूक इथेच होते. ती धावत सुटते. दुसऱ्या मिनिटाला धाप लागते आणि तिला वाटतं, आपल्याला धावता येत नाही. खरं तर तिला हळू धावता येत नाही. लांब पल्ल्याची ताकद हळू धावूनच येते. सोबतच्या बाईशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या वेगाने आठवड्यातून तीनदा धावलं, की पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो आणि हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. मग स्नायूंच्या धाग्यांभोवती नव्या केशवाहिन्या फुटतात आणि पेशींमधल्या मायटोकाँड्रियांची संख्या वाढते. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करण्याचं काम त्यांचं. यासाठी जोरात धावायची गरज नसते. गप्पा मारता येत नसतील तर चाला. थोडं धावणं, थोडं चालणं, पुन्हा धावणं ही पद्धत अमेरिकेचे ऑलिंपियन धावपटू जेफ गॅलोवे यांनी १९७० च्या दशकापासून हजारो लोकांना शिकवली. तीन मिनिटं धावून एक मिनिट चालणाऱ्या बाईच्या गळ्यात तेच पदक पडतं.

हृदय आणि फुप्फुसं भराभर सुधारतात, पण हाडं, अस्थिबंध आणि टाचेमागची शीर यांना महिने लागतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दम छान टिकू लागतो, हुरूप येतो, बाई अंतर वाढवते आणि नडगी ठणकायला लागते. याच काळात हात आखडता घ्यावा.

माझ्या मते तिचा तक्ता असा असावा : मंगळवार आणि गुरुवारी चाळीस मिनिटं, रविवारी लांब पल्ला, आणि मुदत सोळा आठवडे. रविवारचा पल्ला सहा किलोमीटरपासून सुरू करून थोडाथोडा वाढवायचा, दर चौथ्या आठवड्याला थोडा कमी करायचा, आणि सतरापर्यंत पोचल्यावर शेवटचे दोन आठवडे पुन्हा उतरवायचा. आठवड्याचे एकूण सुरुवातीला दोन तास, भरात आल्यावर साडेतीन. जागतिक आरोग्य संघटना कोणत्याही प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. तेवढ्याच वेळात आपण अर्ध-मॅरेथॉन उरकतो आहोत, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं.

स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम लागतो, पण जिम लागत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकून एका पायावर टाचा उचलायच्या, पंधरा-पंधराचे दोन फेरे. कणिक मुरेपर्यंत उठाबशा. पोळी लाटताना मात्र काही करू नका, मी लाटणं पायावर पाडून घेतलेल्या बाईला ओळखते.

आता धाकट्याचा ताप. आठवडाभर धावणं बुडालं तर काय बिघडतं? जवळजवळ काही नाही. दोन आठवड्यांत रक्तातला वाढलेला द्रवभाग ओसरू लागतो आणि क्षमता थोडी घटते, पण तीही परत धावायला लागल्यावर चटकन भरून येते. बिघडतं ते बुडालेला सराव भरून काढण्यात. मंगळवार-गुरुवार हुकले म्हणून शनिवार-रविवारी दोन्ही दिवस लांब पल्ला धावणारी बाई सोमवारी लंगडत ऑफिसला जाते. गेलं ते गेलं, पुढच्या वारापासून सुरू करायचं. तसंच झोपेचं. रात्रभर मुलाजवळ जागून पहाटे साडेचारच्या गजराला उठणं यात शौर्य नाही. सरावाने स्नायूंना बारीक इजा होते आणि ती भरून येते गाढ झोपेत. झोप नाही, तर तो सराव फुकट. त्या दिवशी गजर बंद करून झोपणं हाच योग्य सराव.

बाळंतपणाला फार दिवस झाले नसतील तर गोष्ट वेगळी. ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये बाळंतपणानंतर धावण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. निदान तीन महिने धावू नये, असं त्या सांगतात. कारण धावताना दर पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट दणका बसतो आणि तो झेलण्यात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचाही वाटा असतो. गर्भारपणात आणि प्रसूतीत हे स्नायू ताणले जातात, सिझेरियन झालं तरी. म्हणून 'माझं सिझर होतं, मला काय त्याचं' असं समजू नये. पोटावरच्या टाक्यांना भरायला वेगळा वेळ लागतो.

याच स्नायूंशी निगडित एक त्रास आहे, ज्याबद्दल बायका एकमेकींशीही बोलत नाहीत : धावताना, उडी मारताना, खोकताना लघवी निसटते. मुलं दहा-बारा वर्षांची झाली तरी हा त्रास असू शकतो. अनेक जणी त्यापायी पाणी पिणं सोडतात, काळी लेगिंग घालतात, नाहीतर धावणंच सोडतात. हे 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून सोडून देण्यासारखं नाही. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात ते रोज आवळून-सोडून ताकद येते, आणि नीट आवळतोय की नुसतं पोट आत ओढतोय, हे या विषयातल्या फिजिओथेरपिस्ट दोन भेटींत शिकवतात. बऱ्याच जणींना काही महिन्यांत फरक पडतो. योनीत जडपणा किंवा काही खाली उतरल्यासारखं वाटत असेल तर मात्र धावणं थांबवून आधी स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा.

अंगावर पाजणाऱ्या आईने मध्यम व्यायाम केला म्हणून दूध आटत नाही की बाळाचं वजन वाढायचं थांबत नाही. धावायला जाण्याआधी बाळाला पाजावं, म्हणजे छातीवर ताणही येत नाही. त्यावरून ब्रा. धावण्याला फार सामान लागत नाही, पण बूट आणि चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा यांत काटकसर नको. ही वस्तू १९७७ पर्यंत नव्हतीच. अमेरिकेत लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा आधारपट्टे एकमेकांना शिवून पहिला नमुना बनवला. मनगटावरचं घड्याळ, महागडी टोपी, दाबमोजे हे सगळं नंतर बघता येतं.

बुटांचा विषय निघाला की कुणीतरी बारामतीच्या लता भगवान करे यांचं नाव काढतंच. साठी उलटलेल्या लताबाई नऊवारी नेसून अनवाणी शर्यत धावल्या आणि जिंकल्या, त्यांच्यावर चित्रपटही निघाला. पण त्या अनवाणी धावल्या त्या नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवे होते म्हणून. गरिबीने घेतलेल्या परीक्षेचं आपण फॅशनमध्ये रूपांतर करू नये. ज्यांना परवडतं त्यांनी बूट घ्यावेत, आणि घेताना संध्याकाळी दुकानात जावं, दिवसभर उभं राहून पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा.

बूट घेण्याच्याही आधी करायचं काम म्हणजे रक्त तपासणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. देशाचा आकडा ५७ टक्के. म्हणजे बागेत धावायला आलेल्या दोन बायकांपैकी एकीचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली असण्याची शक्यता आहे. प्राणवायू वाहून नेणारं हेच, आणि तेच कमी. अशा बाईला सराव कितीही केला तरी धाप लागते, जिना चढताना छातीत धडधडतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं. त्यात पाळीतून लोह जातं, घामातून थोडं जातं, आणि धावताना तळपाय आपटून काही तांबड्या पेशीही फुटतात. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो, आणि हिमोग्लोबिन बारा दिसत असूनही साठा रिकामा असू शकतो. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, पण जेवणातल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, कारण चहातले घटक लोह शोषू देत नाहीत. तास-दीड तास जाऊ द्यावा. दुसरी, पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळावं. क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतात, ते बंद का करायचे? अळिवात लोह भरपूर असतं. लाडू बाळंतिणीलाच द्यावा असा काही नियम नाही.

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. ती जानेवारीत भरते, हल्ली महिन्याच्या तिसऱ्या रविवारी. तिथून सोळा आठवडे मागे गेलात तर सप्टेंबरअखेर येते. म्हणजे सरावात नवरात्र आलं, दिवाळीची साफसफाई आणि फराळ आला, मुलांची सहामाही आली आणि डिसेंबरातली स्नेहसंमेलनंही. हे सगळं तक्त्यात आधीच लिहून ठेवा. नवरात्राचे उपास करत असाल तर त्या आठवड्यात रविवारचा पल्ला निम्मा करा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, धावण्याआधीच्या वाटीभर खिचडीला उत्तम, पण त्यात ना प्रथिनं ना लोह. नऊ दिवस त्याच्यावर काढून सोळा किलोमीटर धावायला जाऊ नये. राजगिरा, शेंगदाणे, दूध यांनी बरीच भर निघते. दिवाळीच्या आठवड्यात लांब पल्ला नाहीच, असं धरून चालावं. चकल्यांच्या घाण्यासमोर तीन तास उभं राहणं हीही पायांवर पडलेली मेहनतच आहे.

मुंबईच्या अर्ध-मॅरेथॉनचं मोठं आकर्षण म्हणजे वांद्रे-वरळी सागरी सेतू. एरवी तिथे पायी जायला बंदी, शर्यतीच्या पहाटे मात्र अंधारात दोन्ही बाजूंना समुद्र ठेवून धावता येतं. पुढे पेडर रोडचा चढ लागतो. तो फार मोठा नाही, पण सगळी गंमत संपल्यावर येतो, आणि जानेवारीतही मुंबईची हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. साताऱ्याची तऱ्हा निराळी. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून पावसाळा सरता सरता भरते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परत उतरायचं. सगळ्यांना धाक चढाचा असतो, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाही तो उतार. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि त्यात त्यांचे धागे जास्त दुखावतात. यावर शरीराकडे चांगला उपाय आहे : एकदा उतारावर धावून मांड्या दुखल्या, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारावर त्या पुष्कळ कमी दुखतात. म्हणून साताऱ्याला जायचं तर आधीच्या महिन्यात दोन-तीनदा टेकडीवरून हळू धावत उतरून यावं. पुण्यात तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे. टेकडी नसेल तर उड्डाणपूल चालेल, पहाटे आणि सोबतीने.

सोबतीचं कारण अंधार. बायकांना पहाटे मोकळ्या रस्त्यावर एकटीने धावायला अजून धास्ती वाटते, आणि ती उगाच नाही. कुत्री आहेत, मोटारसायकलवरून शेरे मारणारी पोरं आहेत. परदेशात बाबागाडी ढकलत धावणाऱ्या आयांचे फोटो दिसतात. आपल्याकडच्या फुटपाथवर बाबागाडी दहा पावलं सरळ नेऊन दाखवा! चौघी-पाच जणींचा गट केला की निम्मे प्रश्न सुटतात, आणि गजर बंद करून झोपायचा मोहही कमी होतो, कारण कोपऱ्यावर कुणीतरी वाट बघत उभं असतं.

आता घर. मंगळवार-गुरुवारची चाळीस मिनिटं कशीबशी निघतात. आदल्या रात्री कणिक मळून फ्रिजमध्ये, भाजी चिरून डब्यात, गणवेश खुर्चीवर. माझ्या ओळखीतल्या बँकेत काम करणाऱ्या एका बाईने तेवढंही सोपं केलं : त्या दोन दिवशी मुलांच्या डब्यात उपमा नाहीतर थालीपीठ, आणि तो डबा वडील भरतात. पहिल्या महिन्यात थालीपीठ जळकं गेलं. मुलांनी खाल्लं. खरी कसोटी रविवारची. बाई धावायला गेली आणि सव्वादोन तासांत तिला चार फोन आले, 'अगं, हिंग कुठंय?', 'पिंटूचं औषध जेवणाआधी की नंतर?', 'दूधवाल्याला सुट्टे देऊ का?', तर ती सुट्टी नव्हे, धावता धावता चालवलेलं घर आहे. रविवारची सकाळ देणं म्हणजे हिंगाच्या डबीसकट देणं. नवरा असो, सासूबाई असोत, मोठी मुलगी असो, त्या वेळेपुरतं घर त्यांचं, आणि त्यांनी ते त्यांच्या पद्धतीने चालवलं तर आल्यावर नाक मुरडायचं नाही. हे दुसरं जास्त अवघड असतं, हेही कबूल करायला हवं.

शर्यतीच्या दिवसाचं थोडक्यात. नवं काहीही नको, ना बूट ना खाणं. दोन-अडीच तास आधी सवयीचं हलकं खा. धावायला लागल्यावर पाऊण तासाने, आणि मग दर अर्ध्या तासाला, दोन-तीन खजूर किंवा चिक्कीचा तुकडा चघळा. पाणी तहानेप्रमाणे प्या. प्रत्येक टेबलावर थांबून ढोसू नका. बॉस्टन मॅरेथॉनच्या २००२ सालच्या धावपटूंच्या अभ्यासात तेरा टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेलं आढळलं, आणि त्यामागे वाजवीपेक्षा जास्त पाणी पिणं हे मोठं कारण होतं. सावकाश धावणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण त्यांना प्यायला वेळ जास्त मिळतो. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरं. पहिले पाच किलोमीटर सगळे आपल्या पुढे जातात, जाऊ द्या. छातीत दुखलं, चक्कर आली, तर थांबून स्वयंसेवकांना सांगा. रक्तदाब, मधुमेह असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल तर नाव नोंदवण्याआधीच डॉक्टरांना विचारलेलं असलं पाहिजे.

जानेवारीत धावायचं असेल तर ऑगस्टपर्यंत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या. लोह कमी निघालंच, तर ते भरून यायला दोन-तीन महिने लागतात. नोंदणीच्या पैशांची घाई त्यानंतर. शर्यत झाल्यावर आठवडाभर धावू नका, मांड्या बऱ्या होऊ द्या, हवं तर चाला. रविवारची सकाळ मात्र त्या आठवड्यातही स्वतःकडेच ठेवा. एकदा ती पोहे आणि धुण्याच्या ढिगात परत गेली, की पुढच्या सप्टेंबरात मागून घेणं फार जड जातं.